'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस' असा पुढच्या तीन तासांचा इशारा मोबाइलवर येतो आणि आम्ही द्राक्षवाले आभाळाकडे बघत बसतो. जिल्हा केवढा! इगतपुरीत धो धो कोसळत असतो तेव्हा येवल्यात फुफाटा उडत असतो. मग फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडायचा की नाही? गेल्या हंगामात, बाग फुलोऱ्यात असताना, असाच इशारा पाहून मी फवारणी थांबवली. पाऊस चांदवडकडे गेला. चार-पाच दिवसांनी पानांवर तेलकट पिवळे डाग दिसले, पान उलटून पाहिले तर खाली पांढरी बुरशी. द्राक्षावरचा डावणी रोग! त्याआधी एकदा उलटे झाले होते. औषध मारून घरी पोहोचतो न पोहोचतो तोच सर आली आणि सगळे धुऊन गेले.

यात हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्या हाती आज उत्तम साधने आहेत, म्हणून तर हे पत्र. 17 फेब्रुवारी 2024 रोजी इन्सॅट-3डीएस हा हवामान उपग्रह अवकाशात गेला. तो आणि आधीचा इन्सॅट-3डीआर मिळून दर 15 मिनिटांनी देशावरच्या ढगांचे चित्र पाठवू शकतात. ढगाचा माथा किती झपाट्याने थंड होतोय, म्हणजेच ढग किती वेगाने वर चढतोय, ते त्यात दिसते, आणि तेही पहिला थेंब पडायच्या आधी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली भारत पूर्वानुमान प्रणाली मे 2025 पासून 6 किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज देते. असे कितीतरी चौकोन एकट्या निफाड तालुक्यात बसतात. एवढा बारीक अंदाज आमच्यापर्यंत येता येता पुन्हा 'जिल्हा' का होतो? 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट इथे कोणीही विसरलेले नाही. गारा थांबवता येत नाहीत हे मान्य, पण तासभर आधी गावाचे नाव घेऊन कळले तर माणसे आणि जनावरे तरी आडोशाला नेता येतात.

हवेचेही तेच. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की थंडीपासून घड वाचवायला पहाटे बागांत शेकोट्या पेटतात, मीही पेटवतो. वारा नसतो, वर उबदार हवेचे झाकण बसलेले असते, त्यामुळे धूर कमरेएवढ्या उंचीवर तसाच पसरून राहतो. माझ्या आईला दमा आहे. खिडक्या लावल्या तरी तिच्या उशीला धुराचा वास येतो. हवेच्या प्रदूषणाचा आकडा शोधावा तर मिळतो नाशिक शहराचा. दिल्लीसाठी मात्र 2018 पासून उपग्रहाने टिपलेल्या धूलिकणांची नोंद संगणकीय प्रारूपात घालून प्रदूषणाचा आगाऊ इशारा दिला जातो. उपग्रहाला जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा एकत्र दिसते, ढगाखालचे काहीच दिसत नाही. म्हणून जमिनीवर पडताळणीचे यंत्र लागतेच. तसे एक यंत्र प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी बसवणे सरकारला जड नाही. उद्या पहाटे धूर साचणार हे आदल्या संध्याकाळी कळले, तर आईला दोन दिवस बहिणीकडे पाठवता येईल.

महसूल मंडळनिहाय, म्हणजे जवळच्या काही गावांच्या गटापुरता, मराठीत आणि बोलून सांगणारा तीन तासांचा इशारा, सोबत हवेचा अंदाज, एवढेच मागणे आहे. तेही ऑक्टोबर छाटणीच्या आधी सुरू व्हावे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक