चिकगू, त्या तीन टिंबांसाठी

आदरणीय चिकगू (मलयमध्ये शिक्षक),

हे पत्र माझ्या भाषेत लिहितेय, लेक तुम्हाला मलयमध्ये वाचून दाखवेल. नुसत्या 'तरिमा कासिह' या आभाराच्या शब्दांनी माझं मन भरत नव्हतं.

मलेशियातल्या शाह आलम शहरातल्या शिकवणीत नऊ वर्षांचा तो मुलगा 'थ्री' म्हणायला जायचा आणि 'त्री' व्हायचं. मी दहा-दहा वेळा म्हणून घ्यायचे, तो आणखीच मिटून जायचा. तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच सांगितलंत, "बाई, तुमची जीभसुद्धा दातांमागेच राहतेय." खरंच होतं. आपला मराठी 'थ' दातांमागे अडवून सोडायचा. इंग्रजीत जिभेचं टोक दातांच्या फटीत येतं आणि हवा घासत जाते. इतकी वर्षं शिकवूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर अरबी 'सा' काढलात. खोलगट रेघ, वर तीन टिंबं. अरबीत त्याचा उच्चार इंग्रजी 'थ्री'तल्या 'थ'सारखाच. कुराणाच्या वर्गातल्या सवयीनं पोरानं जीभ अलगद दातांत धरली. "अशीच ठेव," तुम्ही म्हणालात, "आणि टिंबं किती, ते इंग्रजीत सांग."

"थ्री."

अगदी स्वच्छ. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

रोजच्या मलयमध्ये हा उच्चार टिकला नाही, अरबीतून आलेला मंगळवारसुद्धा 'सलासा' झाला. पठणात मात्र मुलं तो जपतात. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या अक्षराचंही तेच. रविवारचा 'अहद' बाजारात जवळजवळ 'अहत' ऐकू येतो, पण पठणात त्याच 'द'ला किंचित उसळी द्यायची असते, कलकला. तीच उसळी तुम्ही 'बेड'ला द्यायला लावलीत आणि मुलांचे 'बेड' नि 'बेट' वेगळे झाले. कुराणातली आयत मात्र वर्गात एकदाही म्हणवून घेतली नाहीत, फक्त सुटी अक्षरं. तुमच्याबद्दलचा माझा आदर त्यामुळे फार वाढला.

'लिफ्ट'चं 'लिफ' आणि 'पोस्ट'चं 'पोस' अजून होतंच. मलयमध्ये हे शब्द लिहितातच तसे, त्यामुळे तिथं वेळ लागणार.

तुम्ही निवृत्त होऊन जोहोरला गेलात. नवी मुलं आली की मी आधी ते अक्षर काढते, मग गप्प बसून त्यांच्या जिभेकडे बघते. हरी रायाला, म्हणजे ईदला, तुमच्याकडे येतेय, पुरणपोळ्या घेऊन. तो मुलगाही येतो म्हणतोय.

तुमची,
वर्गातली मराठी बाई