विचलनाच्या टिपणावर सही कोणाची?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर आपल्यासारख्या व्यवस्थापकीय लेखापालांच्या हाती काय उरणार, हा तुझ्या पत्रातला प्रश्न माझ्याही मनात घोळतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपली महिनाअखेर कशी असे, ते तुला आठवतच असेल. प्रत्येक विभागाची फाइल मागवायची, त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि न जुळणारी रक्कम शोधत रात्री जागवायच्या. अहवाल व्यवस्थापकांच्या हाती पडेपर्यंत पुढचा महिना निम्मा सरलेला असे. आता ताळमेळ आपोआप लागतो आणि सकाळी फक्त न जुळलेल्या नोंदींची यादी समोर येते. त्याचे मला जराही दुःख नाही. १९७९ साली व्हिसिकॅल्क हे संगणकावर कोष्टके मांडण्याचे सॉफ्टवेअर आले, तेव्हा रकान्यांच्या बेरजा हाताने करण्याचे काम असेच मागे पडू लागले.

अंदाज बांधण्याच्या कामातला बदल मला अधिक मोलाचा वाटतो. वीजखर्चातला स्थिर भाग किती आणि उत्पादनाबरोबर बदलणारा किती, हे काढण्यासाठी आपण सर्वाधिक आणि सर्वांत कमी उत्पादनाचे दोनच महिने घेत असू, आणि त्यांतल्या एका महिन्यात यंत्र बिघडलेले असले की सगळे गणित फसत असे. आता छत्तीस महिन्यांचे आकडे रिग्रेशनला, म्हणजे सगळ्या आकड्यांतून संबंध शोधणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीला, देता येतात, शिवाय पाळ्यांचा आणि तापमानाचा परिणामही वेगळा काढता येतो.

पण मला खरी काळजी वाटते ती कारणे लिहिण्याच्या कामाची. मागे एकदा कच्च्या मालाच्या खर्चात मोठे प्रतिकूल विचलन आले, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा खर्च बराच जास्त दिसला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या टिपणात ‘बाजारभाव वाढल्यामुळे’ असे सफाईदार कारण आले. भाव थोडे वाढलेही होते, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मी दराचे आणि वापराचे विचलन वेगळे केले, तेव्हा जवळजवळ सगळा फरक वापराचा निघाला. मग उठून स्टोअर्समध्ये गेलो. तिथल्या माणसाने एका वाक्यात उलगडा केला: पुरवठादार आता ५० किलोंऐवजी २५ किलोंची पोती पाठवत होता. आवक बिलावरच्या किलोंनी नोंदली जात होती, जावक मात्र पोत्यांनी, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक पोते म्हणजे ५० किलो हेच राहून गेले होते. ४० पोती दिली की प्रत्यक्षात १,००० किलो माल जाई आणि नोंद २,००० किलोंची होई. असे टिपण लिहिणारे भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) शक्य वाटणारे वाक्य रचते. ते स्टोअर्समध्ये जाऊन पोते उचलून पाहत नाही.

तेव्हापासून मी कारणाच्या प्रत्येक वाक्यापुढे मूळ नोंदीचा क्रमांक मागतो आणि गणित त्या प्रारूपावर न सोपवता कोष्टकातच ठेवतो. (कंपनीचे आकडे बाहेरच्या सार्वजनिक साधनांत टाकायचे नाहीत, हे तुला वेगळे सांगायला नको.)

मला त्या दिवशी शंका आली, ती अनेक वर्षे पावत्या आणि चिठ्ठ्या जुळवत बसल्यामुळे. आज रुजू होणाऱ्या मुलांना आयता डॅशबोर्ड मिळतो. त्यांची ही नजर कशी तयार व्हायची, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून दर महिन्याला एका कॉस्ट सेंटरचा (ज्याचा खर्च वेगळा मोजला जातो अशा विभागाचा) खर्च मी त्यांना डॅशबोर्ड न उघडता मूळ व्हाउचरपासून उभा करायला लावतो. वेळ जातो, वरिष्ठ कुरकुरतात, तरीही हा पायंडा मी मोडणार नाही.

तुमच्याकडे नवी प्रणाली बसते आहे, असे तू लिहिले आहेस. तिने लिहिलेल्या टिपणावर सही कोण करणार आणि सहीपूर्वी मूळ नोंदी कोण पाहणार, हे ठरले असल्यास मला अवश्य कळव.

तुझाच,
स्नेहांकित मित्र