चोविसाव्या हप्त्यासोबतचे पत्र

सांगली,
१२ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आज सकाळी तुझ्या खात्यावर अडीच हजार रुपये पाठवले. हा चोविसावा हप्ता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तू दिलेले साठ हजार रुपये आज पूर्ण फिटले. पैसे पोचल्याची खूण म्हणून तू नेहमीप्रमाणे नुसता अंगठा पाठवलास. फोनवर बोलायला गेलो तर तू मध्येच ‘जाऊ दे रे’ म्हणशील आणि मीही सुटल्यासारखा गप्प बसेन, म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसलो आहे.

ते पैसे मी तुझ्याकडे आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून मागितले होते. शस्त्रक्रिया झाली, पण तिचा सगळा खर्च दादाने केला. तुझ्या पैशांतले बेचाळीस हजार माझ्या दोन क्रेडिट कार्डांच्या थकबाकीत आणि एका ॲपवरून घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यात गेले, आणि उरलेल्या अठरा हजारांत आम्ही गणपतीपुळ्याला चार दिवस राहून आलो. त्या सहलीचे फोटो मी तुला का पाठवले नाहीत, हे आता तुझ्या लक्षात येईल. पुढे दीड वर्ष तुझे फोन मी का उचलत नव्हतो, तेही.

हे कर्ज झाले कसे, असे कोणी विचारले की मी फार दिवस महापुराकडे बोट दाखवत असे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातले आमचे तळमजल्याचे घर जवळजवळ छतापर्यंत पाण्यात होते, हे तुला माहीत आहे. फ्रीज, धुलाईयंत्र, गाद्या, धान्य, मुलीची पुस्तके, सगळे गेले. मात्र पुढे जेव्हा खरा हिशेब मांडला तेव्हा पुराने केलेले नुकसान भरून काढायला सव्वा लाखाच्या आसपास खर्च झाला होता, आणि त्यातही सरकारी मदत व दादाचा हातभार होता. कर्ज त्याच्या कितीतरी पट होते. पुराने मला कार्ड वापरायची सवय लावली, एवढाच काय तो त्याचा दोष. गेलेल्या साध्या फ्रीजच्या जागी दोन दारांचा फ्रीज आणि साध्या टीव्हीच्या जागी पंचावन्न इंची टीव्ही पुराने आणून ठेवला नव्हता. सगळे गेलेच आहे तर आता चांगलेच घेऊ, असे मी म्हणत राहिलो आणि आजूबाजूचेही तसेच म्हणत होते.

त्यात माझा जुना स्वभाव. कुपवाडच्या कारखान्यातून सुटल्यावर आम्ही सहा-सात जण चहाला किंवा जेवायला गेलो की बिल मी द्यायचे, हे जणू ठरलेलेच होते. कोणी खिशात हात घातला तर मी त्याचा हात धरून ठेवत असे. तुझ्याबरोबरही हेच करत आलो. लोक मला दिलदार म्हणत आणि ते ऐकायची मला चटक लागली होती. दारूचे व्यसन असते तर घरच्यांनी वेळीच टोकले असते. दुसऱ्याला खाऊ घालण्याचे व्यसन मात्र गुण म्हणून मिरवता येते.

कार्डाचे गणित मला समजत नव्हते असे नाही, मी ते करतच नव्हतो. बिलावर दोन आकडे असत, एकूण देणे आणि किमान देणे, आणि माझी नजर नेहमी दुसऱ्यावर. एक लाख रुपये थकले असतील तर महिना साडेतीन टक्क्यांनी साडेतीन हजार व्याज, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे आणखी सहाशे तीस. पाच टक्क्यांप्रमाणे किमान देणे म्हणून मी पाच हजार भरले की त्यातले चार हजार एकशे तीस व्याजातच जायचे आणि मुद्दल हलायचे ते आठशे सत्तर रुपयांनी. शिवाय मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर पन्नास दिवस बिनव्याजी ही सवलत उरतच नाही, त्या महिन्यात घेतलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणजे मी साबण आणि तूरडाळसुद्धा बेचाळीस टक्के व्याजाने आणून खात होतो. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, तेव्हा मी ती माफी समजून सहा महिने निर्धास्त राहिलो. व्याज त्या काळातही चालूच होते.

बिंग फुटले ते मे २०२२ मध्ये, आणि तेही माझ्या तोंडून नाही. ज्या ॲपवरून मी पस्तीस हजार घेतले होते, त्याने माझ्या फोनमधले सगळे क्रमांक उचलले होते. वसुलीचा फोन वैशालीला गेला, तोही रात्री साडेनऊला, मुलीचा गृहपाठ घेत असताना. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲपना ग्राहकाच्या फोनमधील संपर्कयादी वाचायला मनाई केली, पण आमच्या घरी तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते. ती ओरडली नाही. तिने मुलीला झोपवले आणि मला म्हणाली, “उद्या रविवार आहे. सगळे कागद काढून ठेवा.”

तो रविवार मी विसरणार नाही. जमिनीवर सतरंजी घालून आम्ही बसलो. मुलीच्या जुन्या वहीची मागची कोरी पाने घेऊन तिने एकेक देणे लिहिले. पहिले कार्ड दोन लाख दहा हजार, दुसरे एक लाख पंधरा हजार, वैयक्तिक कर्ज एक लाख नव्वद हजार, ॲपचे पस्तीस हजार, टीव्ही-फ्रीजचे पंचेचाळीस हजार, आधीच उचललेल्या भिशीचे तीस हजार, आणि तुझे साठ हजार. बेरीज सहा लाख पंच्याऐंशी हजार. माझा हातात येणारा पगार तेव्हा सेहेचाळीस हजार होता. तुझा आकडा सांगताना मी ‘सुहासकडून कामासाठी’ एवढेच म्हणालो. “कोणत्या कामासाठी?” असे तिने विचारले आणि आईच्या डोळ्यांची गोष्ट तिथे पहिल्यांदा बाहेर आली. तिने पेन खाली ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

परत आल्यावर तिने माझ्या बँक खात्याचे तीन महिन्यांचे उतारे मोठ्याने वाचायला घेतले. दोनशेहून जास्त नोंदी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक दोनशे रुपयांच्या आतल्या. “बहात्तर रुपये, कशाचे? एकशे चाळीस, कशाचे? पुन्हा बहात्तर?” मला दहापैकी सात नोंदींचे उत्तर देता येईना. कोड स्कॅन करून पैसे देताना पाकीट हलके झाल्याचे कधी जाणवलेच नव्हते. टीव्हीचा हप्ता मला तोंडपाठ होता. घराबाहेर मोजून दर महिन्याला नऊ-साडेनऊ हजार कुठे जातात, याचा पत्ता नव्हता. खर्च आवरायच्या युक्त्यांवर पुढे मी खूप वाचले, पण त्या दुपारी बायकोच्या आवाजात स्वतःचा खर्च ऐकला, त्याच्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

मार्ग तिनेच काढला. पाच तोळे सोने तिने समोर ठेवले. मी नको म्हणालो, मला लाज वाटली. ती म्हणाली, “लाज कार्ड घासताना वाटायला हवी होती. सोने लॉकरमध्ये नुसते पडून आहे आणि तुमचे व्याज रात्रीसुद्धा चालू आहे.” सोने एका बँकेत नऊ टक्क्यांनी तारण ठेवून एक लाख सत्तर हजार मिळाले आणि आमच्या कारखान्याच्या कामगारांच्या पतपेढीने अकरा टक्क्यांनी एक लाख पंचावन्न हजार दिले, ज्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो. बरोबर तीन लाख पंचवीस हजार झाले आणि दोन्ही कार्डे एकाच आठवड्यात मिटली. आधी या रकमेवर महिन्याला तेरा हजारांच्या वर व्याज आणि कर जात होता, तो आता सत्तावीसशेवर आला. नवे कर्ज काढून जुने फेडणे म्हणजे एका खड्ड्यातली माती दुसऱ्यात टाकणे, असे लोक म्हणतात. कार्ड जवळ ठेवले असते तर आमचेही तेच झाले असते. आम्ही दोन्ही कार्डे कापली आणि बँकेला लेखी कळवून खाती बंद करून घेतली.

एक मोह मात्र जाता जाता सांगतो. दुसऱ्या कार्डाच्या वसुलीवाल्याने “साठ टक्के भरा, प्रकरण मिटवू” असा निरोप दिला होता आणि मी जवळजवळ तयार झालो होतो. पतपेढीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अडवले. असे तडजोडीने मिटवलेले खाते पतनोंदीत पूर्ण फेडलेले म्हणून नव्हे, तर ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढे घरकर्ज मागायला गेलो की तो शेरा आडवा येतो, हे त्यांनी समजावले. मी सगळी रक्कम भरली आणि काही देणे बाकी नसल्याचे प्रमाणपत्र हट्टाने मागून घेतले. ज्याला भरणे शक्यच नाही, त्याने तडजोड करू नये असे मी म्हणणार नाही. मला शक्य होते, फक्त त्रासाचे होते.

रोजच्या खर्चासाठी वैशालीने पगाराचे खाते आणि खर्चाचे खाते वेगळे केले. दर सोमवारी खर्चाच्या खात्यात अडीच हजार येतात आणि ते संपले की संपले. त्याशिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे मी घ्यावीशी वाटणारी वस्तू तारखेसह लिहितो आणि महिनाभर थांबतो. पहिल्या वर्षी सतरा वस्तू लिहिल्या होत्या, त्यांतल्या चारच घेतल्या. बाकीच्यांपैकी दोन तर मला नंतर आठवेनात, आणि आपल्याच अक्षरात लिहिलेले ‘एअर फ्रायर’ वाचून हसू आले.

सगळ्यांत जड गेले ते बिल न देणे. पहिल्यांदा मी टेबलावर हात मांडीखाली दाबून बसलो होतो, हे तुला खोटे वाटेल. मावसभावाच्या लग्नात आहेराच्या पाकिटात पाच हजारांऐवजी पाचशे एक घातले, तेव्हा मामा चारचौघांत म्हणाले, “काय रे, हात आखडता घेतलास?” मी म्हणालो, “मामा, कर्ज आहे.” त्यावर ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मला बाजूला घेऊन त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल सांगितले, जे मामींनाही माहीत नव्हते. आपल्याकडे साखरेचा आजार लोक जेवणाच्या पंगतीत सांगतात, पण कर्जाचा विषय निघाला की घरातल्या घरातही दार लावून घेतात.

मी सुधारलो असे मात्र समजू नकोस. २०२३ च्या दिवाळीत चोवीस हजारांचा फोन बिनव्याजी हप्त्यांवर घेतला आणि चार दिवस ऑफिसच्या कपाटात लपवून ठेवला. रोख घेतला असता तर पंधराशेची सूट होती, ती हप्त्यांमुळे गेली, वर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर. बिनव्याजी कसला! पाचव्या दिवशी वैशालीला सांगितले. तिने तो फोन स्वतः वापरायला घेतला आणि तिचा जुना मला दिला. हे पत्र लिहिताना तोच शेजारी आहे, त्याच्या काचेला तडा आहे.

सोने डिसेंबर २०२४ मध्ये सोडवले, वैयक्तिक कर्ज गेल्या जुलैत संपले. पतपेढीचे सुमारे पन्नास हजार अजून बाकी आहेत. तुझे पैसे मी फेडायला मुद्दाम उशिरा घेतले होते, कारण त्यांना व्याज नव्हते. हिशेबाने ते बरोबरच होते. पण ज्याने काही न विचारता पैसे दिले त्यालाच सर्वांत जास्त थांबवायचे, हे मला हप्ता पाठवताना दर महिन्याला बोचत असे. या काळात वैशाली दोनदा म्हणाली की सुहासभाऊजींना खरे सांगा, नाहीतर मी सांगते. आता तिने सांगायची गरज उरली नाही. तुला राग आला तर तो तू दाबून ठेवू नयेस, एवढीच विनंती.

मधल्या काळात आपले बोलणे पुन्हा सुरू झाल्यापासून तू प्रत्येक फोनवर न चुकता विचारतोस, “काकूंचे डोळे कसे आहेत?” आणि मी “बरे आहेत” म्हणून घाईने विषय बदलतो. डोळे खरोखरच उत्तम आहेत. परवा तिने माझ्या शर्टाचे बटण लावायला घेतले, तेव्हा चष्मा बाजूला ठेवून पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा ओवला.

तुझा,
अविनाश