इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी मदत हवीये, पैशांइतकीच तुमच्या वेळेची पण

नमस्कार मंडळी, आपल्या मंडळातर्फे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलींसाठी या वर्षी परत मदत गोळा करतोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

अ‍ॅडमिशनच्या वेळी सगळे पुढे येतात हो, सत्कार होतात, फोटो निघतात. खरी अडचण नंतर सुरू होते. मेकॅनिकलच्या वर्गात मोजून दोन-तीन मुली, त्यातली एक सोडून गेली की दुसरी एकटी पडते, वर्कशॉपमध्ये ग्रुप पडले की तिच्या वाट्याला काय तर रीडिंग लिहून घे, जर्नल पूर्ण कर, मशीनला हात मुलंच लावणार. मग व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तिला सांगता आलं नाही की लोकं म्हणायला मोकळे, बघा मुलींना हे झेपत नाही. अहो, आधी हात तरी लावू दिला का तिला?

मागच्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका मुलीचे सेफ्टी शूज बघितले. तिच्या मापाचे मिळालेच नाहीत म्हणून पुरुषांचे घेतले होते आणि पुढे बोटांपाशी कापडाचा बोळा कोंबलेला. चार महिने तशीच साईटवर जात होती, कुणाला बोलली नाही. बोलणार कुणाला, तिथे दुसरी बाईच नव्हती.

हे एकटेपण जुनंच आहे. ए. ललिता, आपल्या देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअर, अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात लहान मुलगी, तरी 1940 मध्ये मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजात इलेक्ट्रिकलला गेल्या. त्यांच्या सर्टिफिकेटवर पुरुषासाठी छापलेला शब्द खोडून हातानं बाईसाठीचा लिहावा लागला! पण त्यांच्या मागोमाग अजून दोघी त्या कॉलेजात सिव्हिलला आल्या, त्यातल्या पी. के. थ्रेसिया 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. सोबत मिळाली की काय होतं ते यातच दिसतं, म्हणून आम्ही सोबतीवर एवढा जोर देतोय.

तर काय हवंय ते सांगते. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं साधन), पुस्तकं, आणि मुलींच्या मापाचे नवे सेफ्टी शूज. सेमिस्टरच्या फीसाठी जमेल तेवढी रक्कम द्या, लहान मोठी काही नाही, पावती नक्की मिळेल. आणि जे इंजिनिअर आहात, ताई असो की दादा, महिन्यातून दोन तास एका मुलीला द्या. तिचा प्रोजेक्ट बघा, इंटरव्ह्यूची तयारी करून घ्या, नाहीतर नुसतं ऐकून घ्या.

मुलंबाळं, घर यात ज्यांची नोकरी सुटली त्या ताईंना तर खास बोलावणं आहे, गॅप पडला म्हणून शिकलेलं पुसलं जात नाही, या मुलींना तुमच्याइतकं दुसरं कुणी समजून घेणार नाही आणि परत नोकरी शोधायची असेल तर आम्ही पण तुमच्यासोबत आहोत.

मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याकडे नाव द्या, सामान न्यायला आम्ही घरी येऊ. लॅपटॉप देताना तुमचा डेटा काढून घ्या आणि चार्जर आठवणीनं द्या, मागच्या वेळी दोन लॅपटॉप चार्जरशिवाय तसेच पडून राहिले.