बंद घरातली गळती तुमच्या यंत्राला दिसली, मला कळवली नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पाण्याच्या मेन लाइनवर बसवलेल्या गळतीशोधक यंत्राने गळती न कळवल्याबाबत

तुमच्या ग्राहक सेवेशी आज पाचव्यांदा बोललो. फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

घर 60 दिवस बंद होतं. निघताना यंत्र 'घर बंद' मोडवर टाकलं. रोज सकाळी ॲपवर हिरवी खूण यायची : सर्व ठीक. परतलो तर बाथरूममागच्या भिंतीचे पोपडे सुटलेले, कपाटाच्या पाठीला काळी बुरशी, चौकट फुगून दार लागेना. प्लंबरने भिंत फोडली तेव्हा आतला एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा जोड, चिरलेला सापडला. मीटर 42 घनमीटरने पुढे गेलेला. म्हणजे 42,000 लिटर; दिवसाला सुमारे 700 लिटर, मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर. हा हिशेब तुमच्या तंत्रज्ञाने करायला हवा होता.

मिनिटाला एक लिटरच्या खालचा प्रवाह यंत्र गळती मानत नाही, हे मला तिसऱ्या फोनवर कळलं. बंद घरात नळ सोडणार कोण? तिथे सतत वाहणारी बारीक धारही गळतीच असते, आणि भिंतीतली गळती अशीच असते : बारीक, न थांबणारी.

शिवाय यंत्र रोज पहाटे व्हॉल्व्ह बंद करून लाइनचा दाब तपासतं; दाब उतरला म्हणजे पाणी कुठेतरी गळतंय. त्या नोंदी मी ॲपमधून काढल्या. दुसऱ्या रात्रीपासून रोज दाब उतरलेला आहे. रोज! आणि त्याच सकाळी हिरवी खूण.

आजचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, आठवड्यातून एकदा कुणी घरी चक्कर मारली नाही का?" मी म्हटलं, चक्कर मारणारं कुणी नाही म्हणूनच तुमचं यंत्र घेतलं. मग दाबाच्या नोंदींबद्दल विचारलं. मला दहा मिनिटं होल्डवर ठेवलं. परत आल्यावर ते म्हणाले, "आमच्या सिस्टिमप्रमाणे तुमच्याकडे गळती झालेलीच नाही. झाली असती तर यंत्राने कळवलं असतं." मी फोडलेल्या भिंतीसमोर उभा होतो. चिरलेला एल्बो माझ्या हातात होता. वर विचारतात, "अजून काही मदत करू का, सर?" अजून? आधी कोणती केलीत?

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी बाहेरगावी जाताना मी मेन कॉक बंद करून जायचो. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय, कॉक उघडा ठेवा, नाहीतर यंत्राला तपासणी करता येणार नाही. मी तुमचं ऐकलं. यंत्र घेतलं नसतं तर कॉक बंद राहिला असता आणि ही भिंत आज कोरडी असती. विश्वास ठेवला, त्याची ही भरपाई.

यंत्राचे पूर्ण पैसे, भिंत, कपाट आणि चौकटीच्या दुरुस्तीचा खर्च, आणि दाब उतरूनही सूचना का आली नाही याचं लेखी उत्तर 15 दिवसांत द्या. नाही आलं तर मीटरचे फोटो, पहाटेच्या नोंदी आणि तो एल्बो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार. आणि 'घर बंद' मोडची ती एक लिटरची मर्यादा आजच काढा. आणखी कुणी तुमच्या हिरव्या खुणेवर विसंबून घर बंद करून गेलेलं असेल.

यंत्र मी लाइनवरून काढलं आहे. मेन कॉक हाताने बंद केला आहे.

— आपला ग्राहक