सक्तीची रजा

ईस्ट हॅम, लंडन
9 मार्च 2025

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. मी ठणठणीत आहे आणि नोकरीही शाबूत आहे. फोनवर आबा "बरं बरं" म्हणून आईकडे फोन देतात आणि आई "जेवलीस का"च्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले. पप्या छापून देईल.

चूक माझीच. मी पप्याला "सक्तीची रजा" म्हणाले, त्याने काकांना सांगितलं, आणि काकांना पेपरातले सगळे निलंबित साहेब आठवले. आपल्याकडे चौकशी लागल्यावरच माणूस सक्तीच्या रजेवर जातो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. इथे याला 'ब्लॉक लीव्ह' म्हणतात. पैशाच्या व्यवहाराला ज्याचा हात लागतो, त्याने वर्षातून एकदा सलग 10 कामाचे दिवस ऑफिसकडे फिरकायचं नाही. लॅपटॉप बंद, ईमेल बंद, दाराच्या कार्डालाही लाल दिवा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कामाचा एक मेसेज टाकला तरी नियम मोडला. कायदा नाही हा, पण मोठ्या बँका काटेकोर पाळतात.

आबा, तुमच्या बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, एक तुमच्याकडे, एक शाखाधिकाऱ्यांकडे. तसंच समजा. हिशेबात काही दडवलेलं असेल तर ते रोजच्या रोज झाकावं लागतं. झाकणारा 10 दिवस लांब गेला, त्याचं काम दुसऱ्याने केलं, की उघडं पडतं. 1995 साली सिंगापूरच्या शाखेतल्या एका इंग्रज पोराने, निक लीसनने, 1762 पासूनची बेअरिंग्ज बँक बुडवली. सौदे करणारा तो आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवणाऱ्यांचा साहेबही तोच. तोटा 88888 नंबरच्या खात्यात साठवत गेला. 82 कोटी 70 लाख पौंड! एवढी जुनी बँक शेवटी 1 पौंडाला विकली गेली. 2008 साली फ्रान्समध्ये केर्विएल नावाच्या, बँकेसाठी सौदे करणाऱ्या पोराने बँकेला 4.9 अब्ज युरोंचा खड्डा पाडला. हा तर रजाच घेत नसे. पकडल्यावर म्हणाला म्हणे, की मी रजा घेत नव्हतो तेव्हाच साहेबांना संशय यायला हवा होता.

आता तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. 31 वर्षांत तुम्ही धड रजा घेतली नाहीत. आजीचं तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी "कॅश कोण बघणार" म्हणत बँकेत गेलात. त्याच साठलेल्या रजेच्या पैशांतून माझी एमबीएची फी भरलीत. इथल्या हिशेबाने तुमची फाईल पहिली उघडली असती! रागावू नका. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही 2021 साली नाजूक जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून 10 दिवस अशी रजा, तीही आधी न सांगता, द्यायला लावली. तुम्ही त्याआधीच सुटलात.

खरं सांगू का, पहिले दोन दिवस माझ्याही पोटात गोळा होता. सस्पेन्समध्ये, म्हणजे ठिकाणा न लागलेल्या रकमांच्या खात्यात, 212 पौंडांची एक नोंद लटकली आहे. माझी चूक नाही, समोरच्या बँकेने खाते क्रमांक चुकीचा दिला. तसं टिपण लिहून ठेवलंय, तरी रात्री दोनला जाग आली.

आईचं म्हणणं, तिथे मला त्रास देतात. कोणी देत नाही. साहेबाला नावाने हाक मारायची, सहाला घरी निघायचं. फक्त दुपारी डबे सोडून गोल करून कोणी बसत नाही. जो तो स्क्रीनसमोर सँडविच खातो. मी भाजी-पोळी नेते, वास येतो म्हणून जरा बाजूला जाऊन बसते, एवढंच. गेल्या वर्षी आमच्या रांगेतले दोघे कमी केले, पण कसं, आधी पत्र, मग महिनाभर बैठका, मग पैसे हातात देऊन निरोप. अगदी व्यवस्थित. (आबा, हे आईला वाचून दाखवू नका.)

दोन आठवडे रिकामी होतीस तर घरी का आली नाहीस, हे तुम्ही विचारलं नाहीत. काकूंनी विचारलं. व्हिसा वाढवायचा होता. त्याची फी कंपनीने भरली, पण आरोग्याचा अधिभार वर्षाला 1,035 पौंड आपला आपण भरायचा. तिकिटाला साठवलेले त्यातच गेले. म्हणून या महिन्यात 30 हजारच पाठवलेत. घराचा हप्ता त्यातून जाईल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र पावसाच्या तोंडावर करू. पप्याच्या क्लासची फी मी परस्पर भरली आहे, त्याला ओरडू नका.

कोरेगावच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा वाटतो. मावशीला "नाही" सांगू नका, "बघू" सांगा. पण त्यांना पोरगी वर्षभरात परत हवी आहे ना? अधिभार मी तीन वर्षांचा भरलाय, एकदमच भरावा लागतो. हे फोनवर सांगायचं राहून गेलं. आई, तू आधी चहा घे, मग मला फोन कर.

होळीला पोळ्या करणार आहे. इथे गुजराती दुकानात हरभऱ्याची डाळ चांगली मिळते. कटात आमसूल किती, ते पप्याला लिहून पाठवायला सांग.

तुमची,
माई

ता. क. लॅपटॉप 17 तारखेला सुरू होईल. तोवर कधीही फोन करा, मी घरीच आहे.