कर्जतच्या बाजारातल्या भाजीवाल्या ताई-मावशींचे आभार

पहिला पाऊस झाला की आईला शेवळं हवीच असतात. ही रानभाजी जेमतेम काही आठवडे मिळते, म्हणून जूनमध्ये आम्ही कर्जतच्या बाजारात गेलो होतो. जुड्या घेतल्या आणि आईला दरदरून घाम फुटला, पाय लटपटले. तिला मधुमेह आहे; साखर उतरली होती.

पहिली धावली ती टाकळा-कुर्डू विकणारी ताई. स्वतःच्या टोपल्या चिखलात सरकवून तिने आईला गोणपाटावर बसवलं. शेजारच्या मावशींनी चहावाल्याकडून साखर आणली, पाण्यात ढवळली आणि घोटघोट पाजली. सर आली तेव्हा भाजीवरचं प्लास्टिक काढून दोघींनी आईवर धरलं. विकायची भाजी भिजत होती, तरी एकीनेही तिकडे पाहिलं नाही! एका रिक्षावाल्या दादांनी दवाखान्यात पोचवलं आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी परतलो, तर मावशींनी आमची पिशवी जपून ठेवली होती. आत शेवळांबरोबर मूठभर काकडंही होती, म्हणजे भाजीत घालायची आंबट रानफळं. ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. "आजींना त्रास नको," एवढंच म्हणाल्या. त्यांचेही पैसे काही केल्या घेईनात.

आई आता बरी आहे. दुसऱ्याच दिवशी तिने सोडे घालून शेवळं केली. ताई, मावशी, दादा, तुमची नावं विचारायची राहिली. आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. करटोली आली की आई तुम्हाला भेटायला येणार आहे.